मागचं पान

मोतीलाल नानांची लाल कापडी पुठ्ठ्याची वही जळगावपासून धुळ्यापर्यंत, लग्नाची पोर असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक होती. नाना निवृत्त मास्तर. समाजाच्या वधू-वर मंडळाचं काम त्यांनी तीस वर्षं केलं, तेही एसटीत उभं राहून आणि उन्हातान्हात पायी हिंडून. एका घराला वहीत एक पान. पानाच्या पुढच्या बाजूला सगळं उघड: नाव, शिक्षण, उंची, मामाचं कूळ, शेती किती. ते कोणीही वाचावं. मागच्या बाजूला मात्र उंबऱ्यात ऐकलेलं लिहिलेलं असे.

उंबऱ्यातलं म्हणजे काय, तेही सांगतो. बैठकीत चहा होतो, बाप छाती फुगवून सांगतो की आमची पोर लाखात एक. मग नाना उठतात, चपला घालायला उंबऱ्याशी वाकतात, आणि नेमकी तेव्हा पोरीची आई पदर सावरत जवळ येते. "नाना, एक सांगायचं राहिलं." आणि खरं ते तिथे बाहेर पडतं. कोणाच्या अंगावर कोडाचा डाग, कोणाचं आधी ठरून मोडलेलं, कोणाचा बाप पितो. नाना मान हलवत, एक अक्षर बोलत नसत, आणि घरी जाऊन मागच्या पानावर लिहून ठेवत. वेळ आली की ती गोष्ट समोरच्या घरातल्या एकाच शहाण्या माणसाच्या कानात, स्वतः जाऊन, आईला विचारून घालत. तीस वर्षांत त्या वहीचं मागचं पान दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मग नानांच्या डोळ्यांना मोतीबिंदूच्या जोडीला आणखी काहीतरी झालं. ऑपरेशन करूनही फरक पडेना, आणि वही पितांबरकडे आली.

पितांबर म्हणजे नानांचाच शाळेतला विद्यार्थी. बेचाळीस वर्षांचा, जळगावातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत कामाला. माणूस हुशार, हातात कला. पण आपली हुशारी चार लोकांनी बघावी ही हौस फार. गल्लीत पहिला कंप्युटर त्याच्या घरी आला आणि पहिलं इंटरनेटही त्याच्याच घरी. मोडेमची ती शिट्टी वाजायला लागली की खिडकी उघडी टाकायचा, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळावं.

नानांनी वही त्याच्या हातात ठेवली तेव्हा पुष्पा, म्हणजे पितांबरची बायको, चहा घेऊन उभी होती.

"मना डोया आते गयात, बेटा," नाना घरच्या बोलीत म्हणाले. "हाई बठ्ठं तुना डब्बामा टाकी दे. पन मागलं पान कोनलेच दखाडू नको."

"नाना, काय बोलता! जीव गेला तरी नाही."

काय गरज होती असलं बोलायची? पण बोलला.

दोन महिने रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर बसून त्याने एकशे बारा घरं टाइप केली. पुढच्या पानांचा एक फोल्डर, मागच्या पानांचा दुसरा, आणि दोन्ही 'मंडळ' नावाच्या मोठ्या फोल्डरच्या पोटात. संध्याकाळी नाना येत, खुर्चीत बसत, आणि पितांबर त्यांना हवं ते पान वाचून दाखवी. इथवर सगळं छान चाललं होतं. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण पितांबरच्या डोक्यात आलं की आपली पोरं पुण्यात, बंगलोरात, अमेरिकेत पसरली आहेत. त्यांनी बायोडाटा बघायला जळगावला का यावं? आपल्या घरातला कंप्युटरच त्यांना तिथून दिसला पाहिजे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आपण फोन लावून ठेवायचा, त्या दिवशी कंप्युटरला इंटरनेटवर मिळालेला पत्ता सगळ्यांना ईमेलने धाडायचा, आणि ज्याला बघायचं त्याने बघावं. पुढची पानं फक्त, अर्थात.

आता ह्यात एक अडचण होती. घरात कंप्युटर दोन. तंत्रनिकेतनाने मोडीत काढलेला एक जुना डबा पितांबरने आणून नीट केला होता, मोडेम त्याला जोडलेला. मंडळाची पानं होती ती आतल्या खोलीतल्या नव्या कंप्युटरवर. म्हणजे बाहेरच्या जगाला भेटणार हा जुना डबा. दारावर बसलेला रखवालदारच म्हणा ना. कोणी आलं की त्याला आतल्या कंप्युटरकडे पाठवायचं, हे ह्या रखवालदाराला शिकवायला हवं होतं. आणि रखवालदार काही शिकेना. जो येईल त्याला दारातूनच परत.

मार्चमधल्या त्या रविवारी पितांबरने सगळ्यांना कळवून ठेवलं होतं. नऊ वाजताच नाना इस्त्रीची टोपी घालून हजर. मंडळाचे अध्यक्ष वना आबा आले, शेजारचे चारजण आले. दहा वाजले, फोन लागला, पत्ता गेला, आणि पुण्याहून मेहुण्याचा शेजारच्या घरी फोन: "काहीच दिसत नाही, भाऊजी."

पितांबरच्या कानशिलावरून घाम. सव्वादहा, साडेदहा. वना आबांनी दोनदा घड्याळ बघितलं. "होईल, होईल, बसा," पितांबर म्हणत होता आणि एकेक कुलूप काढत होता. पासवर्ड काढून टाकला. नाही. फक्त पुढच्या पानांच्या फोल्डरला वाट होती, ती काढून सबंध 'मंडळ' फोल्डरलाच वाट दिली. आतलं काय काय आहे त्याची यादीही दिसेल असं करून ठेवलं. म्हणजे चूक कुठे आहे ते तरी कळेल. तरी नाही. शेवटी पावणेअकराला त्याच्या लक्षात आलं की जुन्या डब्याला आतल्या कंप्युटरचा नंबरच चुकीचा दिलाय. दोनच्या जागी बारा. एवढंसं! बारा खोडून दोन केलं, आणि दोन मिनिटांत शेजारची पोरगी धावत आली.

"काका, पुण्याला दिसतंय! सगळं दिसतंय!"

काय तो आनंद! वना आबांनी पाठ थोपटली. पुष्पा पेढे आणायला गेली. नाना खुर्चीतून उठले, चाचपडत आले आणि त्यांनी कंप्युटरच्या काचेवर हात ठेवला.

"पुनाले दिखस?"

"पुण्यालाच काय नाना, अमेरिकेलाही दिसतं आता."

"वा रे मना वाघ!" नाना म्हणाले, आणि त्यांचे ते निकामी डोळे पाण्याने भरले.

त्या कौतुकात काढलेली कुलुपं परत लावायची राहून गेली. राहून गेली, एवढंच. पुढचे तीन रविवारही तशीच राहिली. पोरगी म्हणाली ना सगळं दिसतंय, तर खरोखर सगळंच दिसत होतं.

धुळ्याला देवपुरात रुपचंद राहायचा, जिल्हा परिषदेत कारकून. त्याची पोर नलिनी. बी.एस्सी. झालेली, एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिचं सावद्याच्या रतिलालच्या धाकट्या पोराशी जमलं होतं. सावद्याचं घर मोठं, केळीच्या बागा, थोरला मुलगा अमेरिकेत. सुपारी फुटली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. नलिनीची ही लग्नाआधीची शेवटची आखाजी, म्हणून तिच्या आईने, कुंदाबाईने, मोठा घाट घातला होता.

आखाजीच्या चार दिवस आधी रतिलालचा निरोप आला. आम्हाला हे स्थळ नको. पोरीला फिट येतात हे आमच्यापासून लपवलं. नानांच्या मंडळाकडूनच आम्हाला कळलं.

नलिनीला लहानपणी फिट यायच्या. बाराव्या वर्षापासून एकही नाही, गोळी बंद होऊन सात वर्षं झालेली. कुंदाबाईने ते उंबऱ्यात सांगितलं होतं आणि नानांनी लिहून ठेवलं होतं. आखाजी झाली की ती गोष्ट नाना स्वतः सावद्याला जाऊन रतिलालच्या बायकोला सांगणार होते, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. तसं कुंदाबाईशी त्यांचं बोलणंही झालं होतं. सांगायची एक रीत असते. रीतीने सांगितलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं.

बातमी जळगावला वना आबांनी आणली. पितांबर जेवत होता.

"नाना कुठेतरी बोलले," वना आबा म्हणाले. "वय झालं. जीभ सैल होते माणसाची."

पितांबर ताटावरून उठला. हात धुऊन तो आतल्या खोलीत गेला. कोण आलं, किती वाजता आलं, काय बघितलं, ह्याची नोंद कंप्युटर ठेवतो. आजवर ती त्याने फक्त किती लोक आले हे मोजून मिरवायला वापरली होती. आता ओळ न ओळ वाचली. तिसरा रविवार, दहा बेचाळीस. बाहेरून आलेला कोणी एक. आधी यादी बघितली, मग मागचं पान, नंबर सत्तावीस. सत्तावीस म्हणजे नलिनी.

त्याने सगळं बंद केलं, मोडेमची पिन ओढून काढली, फोनची वायरसुद्धा काढली.

"अहो, काय झालं?" पुष्पाने विचारलं.

"काही नाही. कंप्युटर रेंगाळतोय जरा."

बायकोशी खोटं बोलला. आणि ते पहिलंच होतं, पुढे रोज एक वाढत गेलं.

कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना आले. वाळल्यासारखे दिसत होते. खुर्चीत बसले. पितांबरला वाटलं, आता सांगावं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात नानाच म्हणाले, "मीच बोली गऊ व्हसू, पितांबर. कोठे बोलनू, आठवत नही. पन मीच."

आणि पितांबर, जीव गेला तरी नाही म्हणणारा पितांबर, खाली मान घालून म्हणाला, "होतं असं, नाना. वयोमानाने होतं."

हे वाक्य त्याला पुढे महिनाभर झोपू देईना. चूक काय, कोणाच्याही हातून होते, असं तो स्वतःला बजावायचा. पण हे वाक्य चूक नव्हतं. ते त्याने शुद्धीवर असताना, समोर बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं. आरशात तोंड बघायची लाज वाटायला लागली त्याला. दाढी करताना गालापुरतं बघायचा, डोळ्यांत नाही.

नानांनी लोकांत जाणं सोडलं. देवळातल्या ओट्यावर बसत, ते बंद. कोणी काही विचारलं तर आधी थांबत, मनात शब्द तपासून बघत आणि मग एवढंसं बोलत. त्यांची सून लताबाई पुष्पाला म्हणाली, "नानांना काय झालंय कळत नाही. रात्रंदिवस पुटपुटतात, मी कोणाशी बोललो, मी कोणाशी बोललो." पुष्पाने ते घरी येऊन सांगितलं. पितांबर पेपरात तोंड घालून बसला. पेपर उलटा नव्हता एवढंच.

मेच्या मध्यावर नाना म्हणाले, मला धुळ्याला घेऊन चल. रुपचंदच्या घरी बसून, चार माणसांसमोर माफी मागायची आहे आणि वही मंडळाला परत करायची आहे. हाताला धरून नेणारं कोणी हवं.

"येशील ना?"

"येतो, नाना."

आता मात्र एसटीत सांगायचंच, असं त्याने ठरवलं. जळगाव सुटलं. एरंडोल येईपर्यंत सांगू. एरंडोलला बस थांबली, नानांनी पाणी मागितलं, पाणी दिलं. पारोळा येईपर्यंत सांगू. पारोळ्यालाही राहिलं. खिडकीतून गरम झळा आत येत होत्या आणि नाना मांडीवरच्या वहीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मध्येच म्हणाले, "तू सोबत शे म्हनीसन धीर शे." झालं. त्यानंतर तर तोंडच उघडवेना. धुळ्याचं स्टँड आलं तेव्हा पितांबरला वाटलं, बस अशीच पुढे साक्रीला, सुरतेला कुठेही जावी, पण इथे थांबू नये.

रुपचंदच्या बैठकीत सातआठ माणसं जमलेली. वना आबा जळगावहून आदल्या दिवशीच आले होते. आतल्या खोलीच्या दारात कुंदाबाई उभी होती, तिच्या मागे नलिनी. पोर अशक्त झाली होती, पण मान ताठ.

नानांनी चहा घेतला नाही. उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली. तीस वर्षांत त्या माणसाला कोणी बोडक्या डोक्याने पाहिलं नव्हतं. चार पांढरे केस, बाकी टक्कल.

"कुंदाबाई," नाना म्हणाले, समाजापुढे बोलायची त्यांची जुनी मास्तरकीची मराठी, "तुम्ही विश्वासाने सांगितलं आणि मी ते राखू शकलो नाही. कोणाजवळ बोललो हे मला आठवत नाही, ही आणखी वाईट गोष्ट. माझी जीभ घसरली. तुमच्या पोरीचं मी वाटोळं केलं. मला माफ करा म्हणायचा मला हक्क नाही." आणि ते वाकायला लागले. सत्तर वर्षांचा मास्तर, आणि कुंदाबाईच्या पायाकडे वाकतोय!

"नाना, नको, नको!" पितांबर ओरडला. त्याने त्यांना धरलं. "नाना नाही बोलले. मी केलं."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. आता सरळ सांगायचं की नाही? पण शरम माणसाला सरळ बोलू देत नाही. पितांबरच्या तोंडून काय निघालं, तर, "म्हणजे त्याचं असं झालं, पोर्ट फॉरवर्ड करताना इंटर्नल आयपी चुकला होता, त्यामुळे टेस्टिंगपुरतं मी रूट फोल्डर शेअर केला, डिरेक्टरी लिस्टिंग ऑन राहिलं, आणि..." असं पाचदहा मिनिटं. एकेक इंग्रजी शब्दाआड तो लपत होता. लपतोय हे त्याचं त्यालाही कळत होतं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग रुपचंद उठला. त्याने पितांबरच्या खांद्यावर हात ठेवला.

"पितांबरभाऊ, समजलं," तो गहिवरून म्हणाला. "गुरूची अब्रू जायला लागली म्हणून स्वतःवर घेताय. आजकाल कोण करतं असं?"

"अहो, नाही, खरंच..."

"असू द्या, असू द्या," वना आबा म्हणाले. "नानांनी पोरं घडवली ती अशी. नाना, धन्य आहे तुमची!"

कोणीतरी पितांबरला हाताला धरून गादीवर बसवलं. पाठीशी लोड सरकवला. पुढे चहाची बशी आली. आणि पितांबरने ती घेतली. दोन घोट प्यायलासुद्धा! सुटलो, असं एक क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, आता आपला काय दोष? कपाच्या कडेवरून त्याची नजर वर गेली तर दारातून नलिनी त्याच्याकडेच बघत होती. एकटी तीच. रोज ती क्लासात पोरांना हेच शब्द शिकवत होती.

ती बैठकीत आली. बापाने डोळे वटारले, तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"काका, डिरेक्टरी लिस्टिंग कधी बंद केलंत?"

"ज्या दिवशी कळलं त्या दिवशी."

"कळलं कधी?"

पितांबरने बशी खाली ठेवली. "आखाजीच्या आधी."

"आता हे सगळं साध्या मराठीत सांगा. माझ्या आईला कळेल असं."

पितांबर गादीवरून उठला आणि खाली फरशीवर बसला. लोडाला टेकून ते बोलता येण्यासारखं नव्हतं.

"वहिनी," तो कुंदाबाईला म्हणाला, "नानांनी मला मागची पानं कोणाला दाखवू नको म्हणून सांगितलं होतं. मी ती कंप्युटरवर ठेवली. चार माणसांत माझी वाहवा व्हावी म्हणून घाई केली आणि सगळ्या जगाला उघडी टाकली. कोणीही वाचावी अशी. सावद्याच्या लोकांनी तिथे वाचलं. नाना कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. मला हे महिन्यापासून माहीत आहे. नाना माझ्यासमोर स्वतःला दोष देत होते आणि मी... मी म्हटलं, वयोमानाने होतं."

कुंदाबाईने पदर तोंडाला लावला. रुपचंदने पितांबरच्या खांद्यावर ठेवलेला हात, तोच, स्वतःच्या धोतराला पुसल्यासारखा केला. नकळत केला असेल. पण पितांबरने बघितलं.

नाना हळूहळू त्याच्या दिशेने वळले. मराठी गेली, घरची बोली आली.

"म्हनजे मी बोलनू नही?"

"नाही, नाना."

"तुले माहित व्हतं?"

"हो."

"महिनाभर मी मनी जीभले शिव्या देत व्हतू," नाना म्हणाले. "माले वाटे मी येडा व्हई राहिनू. मरानी तयारी करेल व्हती मी." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर पितांबरला सोसलं असतं. चार तडाखे हाणले असते तरी चाललं असतं. म्हातारा नुसता टोपी हातात फिरवत उभा राहिला आणि मग त्याने ती डोक्यावर नीट बसवली.

"माझं एकटीचंच उघडं होतं की सगळ्यांचं?" नलिनीने विचारलं.

"सगळ्यांचं. एकशे बारा."

"बाकीची कोणी वाचली?"

त्या नोंदीत पितांबरने सत्तावीस नंबर सापडेपर्यंतच बघितलं होतं. पुढे बघायची छाती झाली नव्हती. महिना झाला, ते यंत्र झाकून ठेवलं होतं.

"बघितलं नाही," तो म्हणाला.

"मग त्या बायांना कोण सांगणार? की त्यांनाही निरोप आल्यावरच कळायचं?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिचं व्हायचं ते होऊन गेलं होतं, ती दुसऱ्यांचं विचारत होती. पितांबरला वाटलं, धरणी दुभंगावी. महिनाभर तो स्वतःच्या अब्रूचा विचार करत बसला होता. त्या एकशे अकरा घरांचा विचार त्याला एकदाही शिवला नव्हता.

परतीच्या बसला नानांनी त्याचा हात धरला नाही. दांडा चाचपडत, पायरीला ठेचकाळत स्वतः चढले. वही परत करायची राहिली होती, ती त्यांच्याच काखेत. पितांबर मागच्या सीटवर बसला, नानांच्या टोपीकडे बघत. अमळनेरचा फाटा गेला.

पारोळ्याचं स्टँड आलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. कंडक्टरने घंटी वाजवायला दोरीला हात घातला, आणि नाना उभे राहिले.

"उतर," ते मागे न बघता म्हणाले. "आठे आपला सात घर शेतस."

वहीतली सात घरं पारोळ्यात होती. पहिलं बाजारपेठेच्या मागे, ताईबाईचं. वहीत नंबर त्रेपन्न. पितांबरला मागचं पान तोंडपाठ होतं, त्यानेच टाइप केलं होतं. थोरल्या पोरीला नवऱ्याने टाकलेलं, हे धाकटीच्या स्थळांना कळू देऊ नका.

दार वाजवायचं पितांबरला होईना. नाना बाजूला काठी टेकून उभे, उन्हात. ते वाट बघत होते. शेवटी त्याने कडी वाजवली.

ताईबाईनेच दार उघडलं. हात पिठाचे. दारात नाना, सोबत मंडळाचा माणूस आणि काखेत लाल वही, हे बघून तिचा चेहरा असा काही उजळला की पितांबरने मान खाली घातली.

"अगं बाई, नाना! या, या ना भाऊ, आत या," ती म्हणाली. मग आतल्या बाजूला वळून हाक दिली, "प्रमिला, पाणी आण गं, आणि साडी बदल! नाना स्थळ घेऊन आले."

नाना उंबऱ्याशी थांबले. चपला काढल्या नाहीत.

"आज मी नही," ते काठी पितांबरकडे करत म्हणाले. "हाऊ सांगी."